जर्मनीत नोकरीसाठी स्थलांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, गोवा इथून जर्मनीला जाऊ पाहणारे इंजिनिअर, आयटीवाले, डिझायनर आणि अकाउंटंट जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. पगाराची अट, विम्याचे दर असे आकडे २०२६ चे आहेत. त्यातले बरेच दर जानेवारीत बदलतात, म्हणून अर्ज करताना चालू वर्षाचा आकडा बघा. शिक्षणासाठी जाणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. एपीएस प्रमाणपत्र (भारतीय शैक्षणिक कागद खरे असल्याचा दाखला) त्यांना लागतं, नोकरीच्या व्हिसाला लागत नाही.

१. नोकरीसाठी जर्मनीला जायचे मार्ग तरी किती आहेत?

पदवीधरासाठी मुख्य मार्ग तीन. पहिला म्हणजे ईयू ब्लू कार्ड, युरोपीय संघाचा राहण्याचा आणि नोकरीचा परवाना. त्याला मान्य पदवी, नोकरीचा करार आणि ठरावीक पगार लागतो. दुसरा, कुशल कामगाराचा साधा व्हिसा. पगार ब्लू कार्डच्या मर्यादेखाली असेल तर तो मिळतो, मात्र तिथल्या रोजगार खात्याची मंजुरी लागते. तिसरा, ऑपॉर्च्युनिटी कार्ड, म्हणजे हातात नोकरी नसताना शोधायला जाणं (प्रश्न ६). पहिला मार्ग शक्य असेल तर तोच धरा. कुटुंब, नोकरी बदलणं, कायमच्या वास्तव्याचा परवाना, सगळीकडे त्याला सवलती आहेत.

डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि शिक्षक हे तिथे नियमन असलेले व्यवसाय आहेत. त्यांना आधी व्यवसायाची मान्यता आणि वरच्या पातळीची जर्मन भाषा लागते. पुढची बरीचशी उत्तरं त्यांना जशीच्या तशी लागू होणार नाहीत.

२. ब्लू कार्डसाठी पगार किती हवा?

वर्षाला किमान ५०,७०० युरो ब्रुटो, म्हणजे कर आणि विमा कापण्याआधीचा पगार. आयटी, इंजिनिअरिंग, गणित, विज्ञान, वास्तुरचना अशा मनुष्यबळ कमी असलेल्या क्षेत्रांत आणि पदवी मिळून तीन वर्षं झाली नसतील तर ही मर्यादा ४५,९३४.२० युरोवर येते. २०२५ मध्ये हे आकडे ४८,३०० आणि ४३,७५९.८० होते. पेन्शन वर्गणीच्या कमाल मर्यादेशी ते जोडलेले आहेत, म्हणून दर वर्षी सरकतात.

इथे एक चूक वारंवार होते. बोनस कामगिरीवर अवलंबून असेल तर तो या मर्यादेत धरला जात नाही. ४४,००० पक्का पगार आणि ४,००० 'पर्यंत' बोनस अशी ऑफर ४८,००० ची ठरत नाही. सही करण्याआधी कंपनीला पक्का पगार वाढवून करारात लिहायला सांगा. रक्कम थोड्याने कमी पडत असेल तर बऱ्याच कंपन्या ऐकतात, कारण अर्ज फेटाळला गेला तर त्यांचेही महिने वाया जातात.

३. माझी पदवी तिथे मान्य आहे की नाही, हे कसं कळणार?

ॲनाबिन नावाचा जर्मन सरकारी डेटाबेस आहे, फुकट बघता येतो. त्यात दोन गोष्टी तपासायच्या. एक, विद्यापीठासमोर 'एच प्लस', म्हणजे मान्य असल्याची खूण, आहे का. दोन, तुमच्या पदवीच्या नावासमोर ती जर्मन पदवीशी समकक्ष असल्याची नोंद आहे का. दोन्ही असतील तर त्या पानांची प्रिंट अर्जाला जोडा.

कॉलेजचं नाव शोधत बसू नका. पदवी ज्याने दिली ते विद्यापीठ शोधा: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ. जुन्या पदवीसाठी विद्यापीठाचं जुनं नावही टाकून बघा. एच प्लस-मायनस दिसलं किंवा पदवीची नोंदच नसली तर बॉनच्या झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या कार्यालयाकडून तुलनापत्र मागवावं लागतं. शुल्क २०८ युरो, अर्ज ऑनलाइन. हे काम नोकरी शोधायला लागतानाच उरका. ऑफर आल्यावर सुरू केलंत तर कंपनीला थांबवून ठेवावं लागतं.

४. माझी बी.एस्सी. तीन वर्षांची आहे. मित्राकडे तर पदवीच नाही, पण आयटीत अनुभव आहे. आमचं होईल का?

तीन वर्षांच्या पदवीचं उत्तर सरसकट देता येत नाही. विद्यापीठ आणि विषयाप्रमाणे नोंदी वेगळ्या आहेत, म्हणून प्रश्न ३ प्रमाणे तपासा. त्यावर एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. केलं असेल तर अर्ज त्या पदवीवर करा.

पदवी नसलेल्या आयटीवाल्यांना नोव्हेंबर २०२३ पासून ब्लू कार्ड मिळू शकतं. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा पदवीधराच्या तोडीचा आयटी अनुभव आणि ४५,९३४.२० युरो पगार हवा. इथे सगळी मदार अनुभवपत्रांवर असते. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सॉफ्टवेअर इंजिनिअर होते' एवढ्या दोन ओळींचं पत्र पुरत नाही. काय बनवलं, कोणत्या तंत्रज्ञानात, कोणती जबाबदारी सांभाळली हे लेटरहेडवर सहीनिशी हवं. जुन्या कंपनीच्या एचआरकडून असं पत्र मिळवायला वेळ लागतो, तेव्हा आजच मागा.

५. जर्मन भाषा आलीच पाहिजे का? ऑफिसात तर इंग्रजी चालतं म्हणतात.

ब्लू कार्डच्या व्हिसासाठी भाषेची अट नाही. बर्लिन, म्युनिकच्या आयटी कंपन्यांत इंग्रजीवर नोकरी मिळते. मेकॅनिकल, ऑटोमोबाइल, सिव्हिल, अकाउंट्स या क्षेत्रांत मात्र बी१-बी२ शिवाय (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१ अशा चढत जातात) मुलाखतीचं बोलावणंही क्वचित येतं.

मुख्य म्हणजे राहणीमान सुधारायला जात असाल तर भाषा हा त्या राहणीमानाचाच भाग आहे. घरमालक, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, पाळणाघर, परदेशी नागरिकांचं कार्यालय, सगळ्यांची पत्रं जर्मनमध्ये आणि टपालाने येतात. भाषा न शिकलेली माणसं पाच वर्षांनीही तिथे पाहुण्यासारखी राहतात, आणि नोकरी गेली की त्यांचे पर्याय झटक्यात आटतात.

शून्यापासून बी१ पर्यंत ३५० ते ६५० तासिका लागतात असा ग्योटे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे, एक तासिका ४५ मिनिटांची. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात वर्ग आणि परीक्षा दोन्ही होतात. निघण्याआधी निदान ए२ करून जा. तिथे गेल्यावर नवी नोकरी, घर आणि कागदपत्रं यांत पहिले सहा महिने अभ्यास होत नाही.

६. ऑपॉर्च्युनिटी कार्ड घेऊन आधी जातो, नोकरी तिथे शोधतो. बरोबर आहे का?

जून २०२४ पासून सुरू झालेलं हे कार्ड जास्तीत जास्त एक वर्षाचं असतं. पदवी पूर्ण मान्य असेल तर गुण मोजावे लागत नाहीत. नसेल तर, शिक्षण तुमच्या देशात मान्य असणं आणि ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी येणं ही पायरी ओलांडून, सहा गुण जमवायचे. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा संबंधित अनुभव असेल तर २ गुण, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा असेल तर ३. वय ३५ च्या आत असेल तर २, त्यापुढे चाळिशीपर्यंत १. जर्मन ए२ ला १, बी१ ला २, बी२ ला ३. इंग्रजी सी१ ला १. मनुष्यबळ कमी असलेल्या व्यवसायाला १.

खर्चासाठी महिना किमान १,०९१ युरो दाखवावे लागतात, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो बहुधा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात. त्या वर्षात आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं.

आमचं स्पष्ट मत असं: बी१ जर्मन, किमान तीन वर्षांचा अनुभव आणि गेले तरी घर अडचणीत येणार नाही एवढे पैसे, हे तिन्ही असतील तरच हा मार्ग घ्या. कर्ज काढून, ए१ वर आणि 'तिथे गेलं की मिळतेच' अशा एजंटाच्या भरवशावर जाऊ नका. भरती सुरू होऊन हातात करार यायला तिथे दोन-तीन महिने सहज जातात. वर्ष बघता बघता संपतं.

७. व्हिसाची प्रक्रिया काय? राजीनामा कधी द्यायचा?

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. नोकरीच्या व्हिसाची कागदपत्रं आधी जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवायची. ती तपासून झाली की व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात मूळ कागद आणि बोटांचे ठसे द्यायला जायचं. शुल्क ७५ युरो, रुपयांत भरायचं. लागणारे कागद: सही झालेला करार, कंपनीने भरलेला 'नोकरीविषयक घोषणापत्र' फॉर्म, पदवी आणि मार्कशीट, ॲनाबिनच्या प्रिंट किंवा तुलनापत्र, बायोडेटा, पासपोर्ट, आणि उतरल्या दिवसापासूनचा आरोग्य विमा.

विम्याची गफलत नेहमी होते. तिथला सरकारी विमा नोकरी सुरू होण्याच्या तारखेपासून लागू होतो. २० तारखेला उतरून १ तारखेला रुजू होणार असाल तर मधल्या दिवसांसाठी इथून प्रवास विमा घ्यावा लागतो. तो नसला की अर्ज अडतो.

वेळ कमी असेल तर कंपनीला 'जलद कुशल कामगार प्रक्रिया' करायला सांगा. कंपनी तिथल्या कार्यालयात ४११ युरो भरते, पूर्वमंजुरी मिळते, आणि मग दूतावासाला भेटीची वेळ आणि निर्णय दोन्ही तीन-तीन आठवड्यांत द्यावे लागतात.

राजीनाम्याचं म्हणाल तर पासपोर्टवर व्हिसा चिकटून येईपर्यंत देऊ नका. ९० दिवसांचा नोटीस पीरियड असेल तर कंपनीला पहिल्याच मुलाखतीत सांगा आणि रुजू होण्याची तारीख त्याप्रमाणे ठरवा. जर्मनीतही तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते, त्यामुळे त्यांना त्यात नवल वाटत नाही.

८. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी. लग्नानंतर नावही बदललंय. अडेल का?

महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर 'पाटील अमोल दत्तात्रय' असा क्रम असतो आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. विद्यापीठाच्या कागदांवर कधी आईचं नाव त्याच ओळीत येतं. जर्मन कारकुनाला यात आडनाव कोणतं ते कळत नाही. अर्जासोबत इंग्रजीत अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण जोडा: महाराष्ट्रात आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो, तिन्ही कागदांवरची व्यक्ती एकच आहे. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर नोटरीचं प्रतिज्ञापत्रही द्या.

त्यापुढे पासपोर्टचं नाव हेच तुमचं नाव. करार, तिकीट, बँक, भाडेकरार सगळीकडे तेच, अक्षरही न बदलता. पासपोर्टच्या आडनावाच्या रकान्यात काहीच नसेल तर निघण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. तिथे प्रत्येक फॉर्म त्या रकान्यापाशी अडतो.

पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. मंगल कार्यालयाने किंवा देवस्थानाने दिलेला दाखला चालत नाही, निबंधकाकडची नोंदणीच लागते. पहिलं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्राची प्रत लागेल. जन्मदाखल्यात नावाच्या जागी नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असेल तर ज्या महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंद आहे तिथे नाव घालून घ्या.

९. एजंट म्हणतो सगळ्या कागदांना ॲपोस्टिल लागेल. खरं का?

कागद जर्मनीसाठी असतील तर पैसे देण्याआधी थांबा. ॲपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का. भारत २००५ पासून ॲपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवली, म्हणून दोन देशांत ॲपोस्टिल लागू होत नाही. जन्म किंवा विवाहाच्या कागदाविषयी जर्मन कार्यालयाला शंका आली तर ते दूतावासामार्फत त्याची प्रत्यक्ष पडताळणी करून घेतात, तिचा खर्च वेगळा. पदवीसाठी ॲनाबिन आणि तुलनापत्र आहेच. ज्या कार्यालयात कागद द्यायचा त्यांनी काय मागितलंय ते लेखी घ्या आणि तेवढंच करा.

१०. व्हिसा नाकारला तर अपील करता येतं का?

दूतावासाकडेच फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता दोन वाटा आहेत: बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात एक महिन्याच्या आत दावा, किंवा त्रुटी दूर करून नव्याने अर्ज. कागद कमी पडल्यामुळे नकार आला असेल तर नवा अर्ज जवळजवळ नेहमीच लवकर मार्गी लागतो.

११. ५५,००० युरोची ऑफर आहे. हातात किती पडतील? हा पगार चांगला आहे का?

एकट्या, मूल नसलेल्या माणसाला महिना साधारण २,९०० युरो. ब्रुटोतून पेन्शनचे ९.३ टक्के, बेरोजगारी विम्याचे १.३, आरोग्य विम्याचे ८.७५ च्या आसपास, शुश्रूषा विम्याचे २.४ टक्के जातात आणि मग आयकर. जोडीदार सोबत असेल आणि कमावत नसेल तर कर वर्ग तीन (ज्यात कर कमी कापला जातो) निवडता येतो. तेव्हा हातात ३,२५० च्या आसपास येतात.

म्युनिकमध्ये एका खोलीचं घर सगळं धरून १,२०० युरो धरा, किराणा ३००, देशभर चालणारा लोकल वाहतुकीचा मासिक पास ६३, फोन-इंटरनेट ४०, तिथल्या सरकारी रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८.३६, वरखर्च २५०. उरतात हजारेक. लाइप्झिग किंवा केम्निट्समध्ये भाडं बरंच कमी, त्यामुळे तोच पगार जास्त पुरतो. शहर ठरल्याशिवाय ऑफर चांगली की वाईट हे सांगता येत नाही.

युरोला रुपयाने गुणून पुण्याच्या पगाराशी तुलना करणं हीच पहिली चूक. पुण्यात वरच्या पदावर असाल तर शिल्लक कदाचित तिथे कमीच पडेल. त्या पैशात तिथे मिळतं ते वेगळं आहे. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर कायद्याने किमान २० दिवस भरपगारी रजा आणि बहुतेक कंपन्यांत २८ ते ३०. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार. संध्याकाळी सहानंतर न वाजणारा फोन, चालता येणारे रस्ते. ते हवं असेल तर जा. पाच वर्षांत फ्लॅटचं कर्ज फेडायला जात असाल तर वरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी पुन्हा करा. इथला हप्ता चालूच राहणार आहे.

१२. जाताना जवळ किती पैसे असावेत?

एकट्या माणसाने तिकीट सोडून किमान ५,००० युरो ठेवावेत. पहिला पगार महिन्याच्या शेवटी येतो. त्याआधी तात्पुरत्या घराचं भाडं, कायमच्या घराची अनामत आणि पहिलं भाडं एकाच वेळी द्यावं लागतं. स्थलांतराचा खर्च कंपनी देणार असेल तर ती रक्कम आधी देणार की बिलं दाखवल्यावर, हे विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी बिलांवरच मिळते.

१३. घर इथूनच बुक करू का?

कायमचं घर करू नका. पहिले एक-दोन महिने सामानासह तात्पुरतं घर घ्या, पण त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल हे मालकाकडून लेखी घेऊन (प्रश्न १४). 'मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअर करतो' असं सांगणारी जाहिरात फसवणुकीची असते. घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय आणि करार झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

जाहिरातीत 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं, 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. वीज बहुतेक वेळा दोन्हींत नसते. अनामत कायद्याने तीन काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला आहे. अनेक घरांत स्वयंपाकघर रिकामं असतं, ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही. जाहिरातीत स्वयंपाकघर आहे असं लिहिलंय का ते नक्की बघा, नाहीतर दीड-दोन हजार युरोंचा खर्च अचानक समोर येतो.

१४. पोहोचल्यावर पहिली कामं कोणती?

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आन्मेल्डुंग'. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वास्तव्याचा दाखला लागतो, भाडेकरार पुरत नाही. नोंदणी झाली की दोन-चार आठवड्यांत कर क्रमांक टपालाने येतो. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि क्रमांकाअभावी पहिला पगार सर्वांत चढ्या कर वर्गात कापला जातो. जादा कापलेला कर पुढे परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात हात आखडतो. म्हणून पेटीवर नावाची चिठ्ठी लावणं हे पहिल्या दिवसाचं काम.

मग बँक खातं, आरोग्य विमा, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परवान्याच्या कार्डासाठी वेळ मागणं. मोठ्या शहरांत ही वेळ महिन्यांनी मिळते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मागा. भारतीय वाहन परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

१५. नोंदणीच्या फॉर्मवर धर्म विचारतात. काय लिहायचं?

जे खरं ते. पण परिणाम माहीत असू द्या. वसई किंवा गोव्यातल्या कॅथलिक वाचकांनी इथे लक्ष द्यावं: कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) चर्चचे सदस्य म्हणून नोंद झाली की आयकराच्या ८ टक्के (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये) किंवा ९ टक्के (इतर राज्यांत) चर्च कर पगारातूनच कापला जातो. तो टाळायचा तर चर्चमधून औपचारिकपणे बाहेर पडावं लागतं, आणि त्याचा परिणाम तिथल्या संस्कारांवर होतो. म्हणून हा निर्णय घरी बोलून घ्या. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम यांना असा कर नाही.

१६. आरोग्य विमा सरकारी घ्यावा की खाजगी?

वार्षिक पगार ७७,४०० युरोंच्या वर असेल तरच नोकरदाराला खाजगीचा पर्याय असतो. तरुण वयात खाजगी स्वस्त दिसतो, पण सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं यांना जादा वर्गणी पडत नाही. खाजगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा, वयाबरोबर चढत जाणारा, आणि सरकारीत परतणं अवघड. कुटुंब वाढायचं असेल तर सरकारीच घ्या.

१७. बायको किंवा नवरा सोबत येऊ शकतो का? नोकरी करता येईल?

हो. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि पहिल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करता येते. विवाह प्रमाणपत्राबद्दल प्रश्न ८ पाहा. मुलामागे महिना २५९ युरो बालभत्ता मिळतो. वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा प्रत्यक्षात कमी आहेत, म्हणून पत्ता पक्का झाला की लगेच नाव नोंदवा. जोडीदाराच्या करिअरचा विचार निघण्याआधी करा. भाषा येत नसताना घरी बसलेला जोडीदार हेच बऱ्याच जोडप्यांच्या परतण्याचं खरं कारण असतं.

१८. आईवडिलांना कायमचं नेता येईल का?

१ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना कायद्याने आईवडिलांना बोलावता येतं. अडचण विम्याची आहे. त्यांना सरकारी विम्यात घेत नाहीत, आणि साठीपुढच्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या माणसाला पूर्ण संरक्षण देणारी खाजगी कंपनी मिळणं फार कठीण असतं. मिळालीच तर हप्ता जड जातो. बहुतेक जण शेंगेन व्हिसावर (युरोपभेटीचा अल्पमुदतीचा व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस आणतात. शुल्क ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. आईवडील एकटे असतील तर हा प्रश्न निघण्याआधी भावंडांशी बोलून सोडवा, तिथे गेल्यावर उत्तर सापडेल असं धरून चालू नका.

१९. नोकरी गेली तर परत यावं लागतं का?

लगेच नाही. पण तारखा पाळाव्या लागतात. कामावरून काढल्याचं कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोकरी शोधत असल्याची नोंद करा आणि दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवा. नवी नोकरी शोधायला ते साधारण तीन महिने देतात. ब्लू कार्ड दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर जास्त. बडतर्फी चुकीची वाटत असेल तर पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा करावा लागतो. ही मुदत गेली की काही करता येत नाही.

परस्पर संमतीने करार संपवण्याचा कागद पुढे केला तर तिथल्या तिथे सही करू नका. त्यामुळे बेरोजगारी भत्ता बारा आठवड्यांपर्यंत थांबू शकतो. हा भत्ता गेल्या ३० महिन्यांत १२ महिने वर्गणी भरलेल्यांना मिळतो, नेटो, म्हणजे सगळं कापून उरणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. म्हणून पहिलं वर्ष सर्वांत नाजूक. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं.

स्वतःहून नोकरी बदलायची तर ब्लू कार्डच्या पहिल्या १२ महिन्यांत कार्यालयाला कळवावं लागतं. अटी पूर्ण होतात का ते बघायला ते बदल ३० दिवस रोखू शकतात.

२०. कार्ड अजून हातात नाही, व्हिसा संपतोय, आणि घरी भावाचं लग्न आहे. जाऊ का?

व्हिसा संपण्याआधी अर्ज केला असेल तर कार्यालय 'फिक्सिओन्स-बेशायनिगुंग' हा तात्पुरता कागद देतं. त्यात वास्तव्य कायद्याच्या कोणत्या कलमासमोर खूण आहे ते बघा. ८१ (४) असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. ८१ (३) असेल तर देशाबाहेर पडू नका, परत शिरता येणार नाही. मधल्या थांब्याच्या विमानतळावरचे कर्मचारी हा कागद ओळखत नाहीत असंही होतं, तेव्हा थेट विमान घ्या.

भारतात दीर्घकाळ राहणार असाल तर ब्लू कार्ड सलग १२ महिने बाहेर राहिल्यास रद्द होतं, साधा परवाना सहा महिन्यांनी. तिथल्या नोकरीचं काम घरून करायचं असेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्या, कारण कर आणि विमा दोन्ही त्यावर ठरतात.

२१. भारतातली खाती, पीएफ, पीपीएफ, शेती यांचं काय करायचं?

नोकरीसाठी गेलात की बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं) करून घ्यायचं आणि तिथून पैसे पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईचं) उघडायचं. जुनं खातं तसंच ठेवणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत बसत नाही. आयकरात, नोकरीसाठी बाहेर पडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात असेल तर तो त्या वर्षी अनिवासी ठरतो. म्हणजे सप्टेंबरमध्ये १८२ दिवस भरण्याआधी निघणं आणि डिसेंबरमध्ये निघणं यांत कराचा मोठा फरक पडतो.

पीपीएफचं चालू खातं मुदतीपर्यंत चालवता येतं, मुदतवाढ मात्र मिळत नाही. भारतीय कंपनीने तात्पुरतं पाठवलं असेल तर ईपीएफओकडून कव्हरेज प्रमाणपत्र घ्या. १ मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे मग तिथे पेन्शन वर्गणी भरावी लागत नाही.

शेतजमीन आधीपासून नावावर असेल किंवा वारशाने आली तर ठेवता येते, सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. अनिवासी असताना नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. व्यवहारांसाठी मुखत्यारपत्र निघण्याआधी इथेच नोंदवून जा. तिथे केलं तर भारतीय दूतावासातून साक्षांकित करून, भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

२२. कायमचा परवाना आणि नागरिकत्व किती वर्षांत?

ब्लू कार्डवर २७ महिने नोकरी आणि ए१ जर्मन असेल तर कायमचा परवाना मिळतो, बी१ असेल तर २१ महिन्यांतच. साध्या कुशल कामगार परवान्यावर तीन वर्षं आणि बी१. नागरिकत्वासाठी पाच वर्षं. तीन वर्षांची जलद वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, पण भारत घेत नाही. जर्मन झालात की भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड) घ्यावं लागतं. मतदानाचा हक्क जातो आणि प्रश्न २१ मधली शेतजमिनीची बंदी कायम राहते. घाई असेल तर कायमचा परवाना घेऊन थांबा, नागरिकत्वाचा विचार सावकाश करता येतो.

२३. काही वर्षांनी परत आलो तर पेन्शनचे पैसे बुडतात का?

नाही. वर्गणी ६० महिन्यांपेक्षा कमी भरली असेल तर युरोपीय संघाबाहेर राहायला गेल्यापासून २४ महिन्यांनी परताव्याचा अर्ज करता येतो. परत मिळतो तो फक्त तुमचा हिस्सा, कंपनीचा नाही. ६० महिने झाले असतील तर परतावा नाही, निवृत्तीच्या वयात तिथून पेन्शन भारतात मिळते. निघताना पत्त्याची नोंदणी रद्द केल्याचा कागद, पेन्शन विमा क्रमांक आणि सगळ्या वार्षिक वर्गणी पावत्या सोबत आणा. अठ्ठावन्नाव्या महिन्यात नोकरी सोडायचा विचार असेल तर परतावा बरा की दोन महिने थांबून पेन्शनचा हक्क बरा, हा हिशोब राजीनाम्याआधी करा.